परिषदांमधील सहभागींचा अनुभव आणि व्यक्त्यनुरूप नियोजन

बीजसंज्ञा : परिषद, चर्चासत्र, सहभागी, व्यक्त्यनुरूप नियोजन, नोंदणी, वैयक्तिक माहिती

प्रस्तावना

विखुरलेल्या अभ्यासकांनी ठरावीक दिवशी एका ठिकाणी जमावे, आपले काम इतरांपुढे मांडावे आणि इतरांचे ऐकावे, या हेतूने परिषदा भरविल्या जातात. महाराष्ट्रात ही परंपरा नवी नाही. १८७८ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकारांची जी सभा भरली, तिच्यामागेही ठिकठिकाणच्या लेखकांनी परस्परांस भेटावे हाच विचार होता. आज वरिष्ठ महाविद्यालयांतून राज्यस्तरीय, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अशा बिरुदांनी होणारी चर्चासत्रे ही याच परंपरेची शाखा होय. मात्र गेल्या दोन दशकांत त्यांची जी वाढ झाली, तिला ज्ञानव्यवहाराइतकेच सेवाविषयक नियमही कारणीभूत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत आंतरराष्ट्रीय परिषदेतील निबंधवाचनास १०, राष्ट्रीय परिषदेतील वाचनास ७.५ आणि राज्यस्तरीय वाचनास ५ गुण होते. २०१८ च्या विनियमांत देशात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ५, राष्ट्रीय परिषदेसाठी ३ आणि राज्यस्तरीय परिषदेसाठी २ असे हे गुण खाली आले. गुण उतरले तरी प्रमाणपत्राची ओढ त्या प्रमाणात उतरली, असे म्हणता येत नाही.

या साऱ्या व्यवहारात सहभागी प्राध्यापकाच्या पदरी नेमके काय पडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नंदुरबार किंवा गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयातील तरुण प्राध्यापक कर्तव्यरजा मंजूर करून घेतो, नोंदणीशुल्क भरतो, रात्रभर एस.टी.चा प्रवास करून परिषदस्थळी पोहोचतो. फाइल, पेन व लेखनवही स्वीकारून तो उद्घाटनाला बसतो. दुपारी त्याचा क्रम येतो तेव्हा अध्यक्ष घड्याळाकडे पाहून 'दोन मिनिटांत आटोपते घ्या' असे सांगतात. त्याच विषयावर काम करणारी दुसरी व्यक्ती शेजारच्या खोलीत असते, पण दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. सायंकाळी तो प्रमाणपत्र घेऊन परततो. दोन दिवस, प्रवासखर्च आणि एका निबंधाची मेहनत एवढे मोल देऊन हाती आलेला हा अनुभव आहे. सहभागी व्यक्तीची गरज ओळखून परिषदेची आखणी करणे, म्हणजेच व्यक्त्यनुरूप नियोजन, ही संकल्पना काय आहे, तिच्याविषयी संशोधनातून काय दिसले आहे आणि महाविद्यालयीन चर्चासत्रांत ती कितपत आणता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचे स्वरूप

ही संकल्पना व्यापारी परिषदा आणि प्रदर्शने यांच्या क्षेत्रात अधिक रुळली. तेथे सहभागी व्यक्ती हा ग्राहक असतो. त्याला समाधान मिळाले नाही तर पुढच्या वर्षी तो येत नाही. त्यामुळे नोंदणीच्या वेळीच त्याचा व्यवसाय, आवड आणि येण्याचा हेतू विचारून घेतला जातो. त्यावरून भ्रमणध्वनीतील ॲपवर त्याच्यापुरते वेळापत्रक तयार होते, कोणत्या व्यक्तींना भेटावे याच्या सूचना येतात आणि परस्परसंमतीने भेटीच्या वेळा ठरतात. गळ्यातील बॅजवर सांकेतिक चौकट छापलेली असते. ती यंत्राने वाचली की कोण कोणत्या दालनात गेले याची नोंद होते. अलीकडे या सूचना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने दिल्या जातात. मात्र यंत्र कितीही प्रगत असले तरी त्याचा आधार सहभागीने दिलेली माहिती हाच असतो. नोंदणी अर्जात केवळ नाव आणि पद विचारले असेल तर यंत्रालाही केवळ नाव आणि पदच ठाऊक असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फाइलवर सहभागीचे नाव छापणे किंवा 'आदरणीय महोदय' याऐवजी नावाने संदेश पाठविणे यालाच पुष्कळदा व्यक्त्यनुरूप व्यवहार समजले जाते. ही केवळ वरवरची सजावट होय. नाव छापले गेले म्हणून दोन दिवसांत त्या व्यक्तीला मिळणाऱ्या गोष्टींत काही फरक पडत नाही. व्यक्ती बदलली की तिच्या वाट्याला येणारा कार्यक्रमही काही अंशी बदलतो का, ही या संकल्पनेची खरी कसोटी आहे.

या कसोटीवर पाहिले तर आपल्या महाविद्यालयांना हे तंत्र अपरिचित नाही, असेच दिसेल. बीजभाषक किंवा प्रमुख पाहुणे यांच्या बाबतीत ते आजही काटेकोरपणे पाळले जाते. त्यांची गाडी किती वाजता येणार, स्थानकावर कोणी थांबावे, त्यांना चहा बिनसाखरेचा लागतो का, चतुर्थीचा उपवास आहे का, जेवताना त्यांच्याशेजारी कोणाला बसवावे म्हणजे त्यांना बोलायला जोडीदार मिळेल, या सर्व गोष्टींवर आयोजन समितीच्या बैठकीत सविस्तर चर्चा होते. एका व्यक्तीची गरज आधी विचारून घेणे आणि त्याप्रमाणे व्यवस्था लावणे हेच तर व्यक्त्यनुरूप नियोजन आहे. फक्त त्याची सीमा व्यासपीठाच्या कडेशी संपते. समोर बसलेल्या दीडशे जणांकडे 'सहभागी' या एका शब्दाखाली पाहिले जाते. तेव्हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या अभावाचा नसून जी आस्था व्यासपीठाला मिळते ती खाली कितपत पोहोचते, याचा आहे.

भेट आपोआप घडते काय?

परिषदेचे खरे फलित सभागृहाबाहेर, चहाच्या वेळी मिळते, असे अनुभवी मंडळी सांगतात. त्यात तथ्य आहे. अमेरिकेतील हॅरिसन ओवेन यांनी वर्षभर खपून एक मोठी परिषद भरविली, तेव्हा सहभागींना सर्वांत आवडलेला भाग कोणता, तर कॉफीची सुटी, असे त्यांच्या लक्षात आले. त्यातून १९८५ पासून त्यांनी 'ओपन स्पेस' नावाची पद्धत वापरात आणली. या पद्धतीत विषयपत्रिका आधी ठरलेली नसते. जमलेली माणसे पहिल्या तासात स्वतः विषय मांडतात, भिंतीवर त्यांचे वेळापत्रक लावले जाते आणि ज्याला जेथे काही शिकता किंवा देता येत नाही, त्याने उठून दुसऱ्या गटात जावे अशी मुभा असते. आपल्याकडे सत्र चालू असताना उठणे हा अध्यक्षांचा अवमान समजला जात असल्याने ही मुभा जशीच्या तशी रुजणे अवघड आहे.

परंतु चहाची सुटी दिली म्हणजे नव्या ओळखी होतातच, हे गृहीतकही तपासून पाहावे लागते. पॉल इंग्रॅम आणि मायकेल मॉरिस यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या व्यवस्थापनशास्त्र शाखेशी संबंधित सुमारे शंभर व्यावसायिक एका सायंकालीन मेळाव्यास जमले होते. प्रत्येकाच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक बिल्ला होता आणि कोण कोणाशी किती वेळ बोलले, हे त्यातून नोंदले जात होते. नव्या लोकांना भेटण्याची इच्छा बहुतेक सर्वांनी आधी लिहून दिली होती. प्रत्यक्षात मात्र ते जुन्या ओळखीच्या माणसांशीच प्रमाणाबाहेर अधिक बोलले. इच्छा होती, वेळ होता, एकच सभागृह होते. तरी पावले ओळखीच्या माणसांकडेच वळली. आपल्या चर्चासत्रांतील भोजनकक्ष ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. एका महाविद्यालयाहून आलेले चौघे एकाच गाडीने येतात, एकाच रांगेत बसतात, एकत्र जेवतात आणि त्याच गाडीने परत जातात.

माणसांना थोडे नेमके जवळ आणले तर काय होते, याचे उत्तर दुसऱ्या एका प्रयोगातून मिळते. हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात केव्हिन बुद्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एका संशोधन अनुदानासाठी उत्सुक असलेल्या शास्त्रज्ञांना यादृच्छिक पद्धतीने निरनिराळ्या खोल्यांत विभागले. एका खोलीतील मंडळींना ९० मिनिटे समोरासमोर, आखून दिलेल्या पद्धतीने परस्परांचे काम समजून घेता आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, एकाच खोलीत आलेल्या दोन शास्त्रज्ञांनी मिळून अनुदानासाठी अर्ज करण्याची शक्यता ७५ टक्क्यांनी वाढली. मुळातली शक्यता फारच अल्प होती, हे लक्षात ठेवले तरी दीड तासाच्या भेटीचा हा परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नाही.

परिषदच झाली नाही तर काय हरवते, हेही मोजले गेले आहे. २०१२ च्या ऑगस्टअखेरीस न्यू ऑर्लिन्स येथे अमेरिकी राज्यशास्त्र संघटनेचे वार्षिक अधिवेशन भरणार होते. ते 'आयझॅक' या चक्रीवादळामुळे ऐन वेळी रद्द झाले. कार्यक्रमपत्रिका मात्र छापून तयार होती. त्यामुळे एकमेकांना जे भेटणार होते आणि भेटू शकले नाहीत, त्यांची यादी संशोधकांच्या हाती आयती आली. काम्पोस, लिऑन आणि मॅकक्विलिन यांच्या २०१८ मधील निबंधानुसार, या रद्द झालेल्या अधिवेशनामुळे सहभागींनी पुढे परस्परांसह निबंध लिहिण्याची शक्यता १६ टक्क्यांनी घटली. परिषद ही निव्वळ औपचारिकता आहे असे मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. मात्र ज्या परिषदेत माणसे जमूनही भेटत नाहीत, तेथे कोणतेही वादळ न येता हेच नुकसान होत असते, हेही त्यातून ओघानेच येते.

आवडीनुसार भेट आणि अनपेक्षित भेट

व्यक्त्यनुरूप नियोजनाविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जातो. प्रत्येकाला त्याच्या आवडीचेच ऐकविले आणि त्याच्यासारख्याच माणसांना भेटविले, तर त्याच्या विचारांची कक्षा रुंदावणार कशी? हा आक्षेप रास्त आहे. यंत्राने केलेल्या शिफारशी बहुधा साम्यावर आधारलेल्या असतात. भाषिक सर्वेक्षण करणाऱ्याला भाषिक सर्वेक्षण करणाराच सुचविला जाईल. संख्याशास्त्राच्या ज्या प्राध्यापकाकडून त्याला नमुनानिवड शिकता आली असती, तो यादीत येणारच नाही.

जर्मनीतील दोन संस्थांनी या अडचणीवर काढलेला उपाय साधा आणि बोलका आहे. ओबरवोल्फाख येथील गणिताची संशोधनसंस्था १९४४ मध्ये ब्लॅक फॉरेस्टच्या परिसरात स्थापन झाली. संगणकशास्त्रासाठीचे श्लॉस डागस्टूल हे केंद्र १९९० मध्ये सुरू झाले. दोन्हीकडे निमंत्रित अभ्यासक काही दिवस एकत्र राहतात. चर्चासत्राचा विषय अत्यंत नेमका असतो आणि कोणाला बोलवायचे हे विचारपूर्वक ठरविले जाते. म्हणजे निवडीच्या पातळीवर नियोजन पूर्णतः व्यक्त्यनुरूप असते. भोजनगृहात मात्र प्रत्येकाच्या नावाचे रुमालाचे पाकीट असते आणि कर्मचारी ही पाकिटे दर वेळी वाटेल तशी मांडून ठेवतात. जेथे आपले पाकीट, तेथे आपली जागा. त्यामुळे नामांकित गणितज्ञाच्या शेजारी पहिल्यांदाच आलेला संशोधक विद्यार्थी बसतो, आणि 'येथे बसू का' असे विचारण्याचा संकोच कोणालाच उरत नाही. ओबरवोल्फाख येथे बुधवारची दुपार व्याख्यानांपासून मोकळी ठेवून सर्वजण डोंगरात पायी फिरायला जातात. ज्याला या पद्धतीत केवळ गंमत वाटेल त्याने तिचा खर्च पाहावा: कापडाचे एक पाकीट आणि नावाची एक चिठ्ठी.

कार्यक्रम व्यक्तीला अनुरूप असावा आणि भोजनाची जागा मात्र चिठ्ठीने ठरावी, हे दोन्ही एकाच परिषदेत शक्य आहे, किंबहुना एकाला दुसऱ्याची गरज आहे, हे या उदाहरणावरून दिसते. आपल्याकडे नेमके उलट घडते. निबंध कोणत्या सत्रात जाईल हे योगायोगावर सोपविलेले असते, आणि जेवणाच्या जागा मात्र पदानुसार ठरलेल्या असतात.

महाविद्यालयीन चर्चासत्राची आखणी

अंमलबजावणीचा विचार करताना प्रथम वेळेचे गणित पाहावे. समजा, दोन दिवसांच्या चर्चासत्रासाठी १२० निबंध आले आणि चार समांतर दालनांत तीन सत्रे ठेवली. प्रत्येक दालनात एका सत्रात दहा निबंध येतात. सत्र दीड तासाचे असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला नऊ मिनिटे येतात. अध्यक्षांचा परिचय, स्वागत आणि समारोपाचे भाषण वजा जाता ही नऊ मिनिटे सहा होतात. उद्घाटन तासभर लांबले, की सहाची चार होतात. प्रश्नोत्तरांसाठी वेळ नाही म्हणजे प्रतिसाद नाही, आणि प्रतिसादाविना निबंधवाचन हे घरी बसून पाठविलेल्या निबंधापेक्षा वेगळे राहत नाही.

विज्ञानशाखांनी यावर भित्तिपत्रक सादरीकरणाचा मार्ग काढला. युरोपातील जैवरसायनशास्त्र संघटनांच्या महासंघाच्या १९६९ मधील माद्रिद परिषदेत ही पद्धत वापरली गेली आणि पुढे ती सर्वत्र पसरली. संशोधक आपल्या फलकाजवळ उभा राहतो. ज्याला रस आहे तो थांबतो, हवा तेवढाच वेळ देतो आणि हवा तोच प्रश्न विचारतो. नवख्याला विषय मुळापासून सांगता येतो, तर जाणकाराला थेट तक्त्याकडे नेता येते. एकाच संशोधनाची प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळी मांडणी येथे विनासायास घडते. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांच्या चर्चासत्रांत भित्तिपत्रकाला अजूनही दुय्यम समजले जाते, ही खेदाची बाब आहे. चार मिनिटांत घाईने वाचलेल्या निबंधापेक्षा बोलींच्या शब्दसंग्रहाचा किंवा गावाच्या बाजारपेठेच्या नकाशाचा फलक लावून तासभर उभे राहणे अभ्यासकाला निश्चितच अधिक काही देऊन जाईल.

निबंधांची विभागणी हा दुसरा मुद्दा. बहुविद्याशाखीय चर्चासत्रांत निबंध बहुधा विषयवार लावले जातात: मराठीचे एका खोलीत, अर्थशास्त्राचे दुसऱ्या, भूगोलाचे तिसऱ्या. समजा, ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर चार निबंध आले आहेत. मराठीच्या प्राध्यापकाने कादंबऱ्यांतील चित्रणाचा विचार केला आहे, अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेने मुकादमाकडून मिळणाऱ्या उचलीचा हिशेब मांडला आहे, भूगोलाच्या अभ्यासकाने बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जाणाऱ्या वाटांचा नकाशा काढला आहे आणि समाजशास्त्राच्या संशोधकाने मागे राहिलेल्या मुलांच्या शाळेचा प्रश्न घेतला आहे. विषयवार विभागणीत हे चौघे चार खोल्यांत बसतात आणि एकमेकांना न भेटता घरी जातात. विषयाऐवजी प्रश्नानुसार विभागणी केली तर तेच चौघे एका टेबलाभोवती येतील, आणि चर्चासत्राच्या नावातील 'बहुविद्याशाखीय' या शब्दाला अर्थ प्राप्त होईल. यासाठी कोणतीही संगणकप्रणाली लागत नाही. सर्व गोषवारे एकाच व्यक्तीने, किंवा दोघांनी मिळून, सलग बसून वाचावे लागतात. बहुतेक ठिकाणी गोषवारे वाचले जातात ते शब्दमर्यादा तपासण्यापुरतेच.

वेळापत्रकाची आखणी करतानाही सहभागी कोठून येणार आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी तीननंतर सभागृह ओस पडते, याला सहभागींची अनास्था कारण असते असे नाही. पुष्कळांना गावाकडची शेवटची गाडी गाठायची असते. शेवटच्या सत्रात स्थानिक व जवळच्या तालुक्यांतील निबंधवाचक ठेवले आणि दूरवरून येणाऱ्यांना पहिल्या दिवशीच्या दुपारी स्थान दिले, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. तान्हे मूल घेऊन आलेल्या प्राध्यापिकेला एक स्वतंत्र खोली आणि ठरलेल्या वेळेची हमी मिळाली, तर ती निश्चिंतपणे बोलू शकते. दृष्टी किंवा श्रवण यांची अडचण असलेल्या सहभागींसाठी पडद्यावरील अक्षरांचा आकार, बसण्याची जागा आणि निबंधाची आधी पाठविलेली प्रत यांचा विचार करणे हा उपकार नव्हे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा समान संधी आणि सुलभता यांना हक्काचे स्थान देतो. निबंध मराठीत असेल आणि सत्राध्यक्ष परराज्यातील असतील, तर एका पानाचा इंग्रजी वा हिंदी सारांश आधी मागवून त्यांच्या हाती देणे, एवढ्यानेही वाचकाची कुचंबणा टळते.

हे सर्व आयोजकांना आधी कळणार कसे? त्यासाठी नोंदणी अर्जाकडे वळावे लागते. प्रचलित अर्जात नाव, पद, महाविद्यालयाचा पत्ता, भ्रमणध्वनी, निबंधाचे शीर्षक, शुल्काचा तपशील आणि 'निवासव्यवस्था हवी का' एवढे रकाने असतात. सहभागी कशासाठी येत आहे, हे विचारणारा एकही रकाना त्यात नसतो. 'सध्या आपण कोणत्या प्रश्नावर काम करीत आहात', 'त्यात कोठे अडचण आली आहे' आणि 'आपण इतरांना कशात मदत करू शकाल' हे तीन प्रश्न अर्जात घातले, तर दीडशे अर्जांतून परस्परांस उपयोगी पडणाऱ्या पन्नास-साठ जोड्या सहज निघू शकतात. विशेषतः अडचणीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आवडीचा विषय विचारला तर सर्वजण 'साहित्य' किंवा 'ग्रामीण विकास' असे मोघम लिहितात. अडचण विचारली की उत्तर नेमके येते: जुनी मोडी कागदपत्रे वाचता येत नाहीत, प्रश्नावलीची विश्वसनीयता कशी तपासावी हे समजत नाही, मार्गदर्शक निवृत्त झाले आहेत. मोडी जाणणारी एखादी व्यक्ती त्याच यादीत बहुधा असतेच.

जोडी काढल्यानंतर दोघांना आदल्या दिवशी एक छोटा संदेश पाठवावा आणि चहाच्या वेळी त्यांची गाठ घालून देण्याचे काम स्वयंसेवकावर सोपवावे. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांकडे सध्या पुष्पगुच्छ देणे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवणे ही कामे असतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाकडे दहा-बारा सहभागींची यादी दिली, तर 'मॅडम, तुम्हांला ज्या सरांना भेटायचे होते ते तिकडे उभे आहेत' एवढे सांगण्यास तो पुरेसा समर्थ असतो. बॅजवरील मजकूरही थोडा बदलावा. पद आणि महाविद्यालयाचे नाव ठळक आणि व्यक्तीचे नाव बारीक, अशी त्याची सध्याची रचना असते. त्यामुळे समोरचा माणूस आधी पद वाचतो आणि मग बोलावे की नाही हे ठरवितो. नाव मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली अभ्यासाचा विषय एका ओळीत छापला, तर संभाषणाला पहिले वाक्य आपोआप मिळते.

माहितीची जबाबदारी

माहिती विचारली की ती सांभाळण्याची जबाबदारीही येते. परिषदेत कोण कोणाशी बोलले, हे नोंदविण्याचे प्रयोग यापूर्वी झाले आहेत. २००९ मध्ये ट्युरिन येथे संगणकशास्त्राच्या एका परिषदेत शंभराहून अधिक सहभागींनी रेडिओलहरींवर चालणारे बिल्ले स्वेच्छेने लावले आणि त्यांच्या समोरासमोरच्या भेटी नोंदल्या गेल्या. 'स्वेच्छेने' हा त्यातील महत्त्वाचा शब्द आहे. युरोपीय संघात मे २०१८ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे कडक नियम लागू झाले. भारतातही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. माहिती कोणत्या कारणासाठी हवी हे स्पष्ट सांगून संमती घेणे, त्याच कारणासाठी ती वापरणे आणि संमती मागे घेण्याची सोय ठेवणे, ही या कायद्यामागील मुख्य सूत्रे होत.

या सूत्रांच्या प्रकाशात चर्चासत्रांतील काही सवयींकडे पाहणे उचित ठरेल. सर्व सहभागींचे भ्रमणध्वनी क्रमांक असलेली यादी स्मरणिकेत छापली जाते. दीडशे जणांचा व्हॉट्सॲप गट न विचारता तयार होतो आणि चर्चासत्र संपल्यावर त्यावर पुस्तकविक्रीचे व सणांच्या शुभेच्छांचे संदेश सुरू होतात. प्राध्यापिकांना याचा जो उपद्रव होतो, त्याविषयी उघडपणे बोलले जात नाही. 'आपल्या अभ्यासातील अडचण' यासारखा प्रश्न विचारणाऱ्या आयोजकांनी तर अधिकच सावध असावे. मार्गदर्शक निवृत्त झाल्याने आपले काम रखडले आहे, हे एखाद्याने विश्वासाने लिहिलेले वाक्य त्याच्या प्राचार्यांच्या किंवा संस्थाचालकांच्या हाती पडता कामा नये. ही उत्तरे कोण वाचणार, कोणाला दाखविली जाणार आणि केव्हा नष्ट केली जाणार, हे अर्जावरच दोन ओळींत लिहावे. आणि उत्तर न देणाऱ्यासही तितक्याच आदराने प्रवेश मिळावा. काहींना परिषदेत मागे बसून शांतपणे ऐकायचे असते. त्यांना बळेच कोणाशी भेटविणे हे व्यक्त्यनुरूप नियोजनाच्या नावाखाली व्यक्तीचीच उपेक्षा करणे होय.

प्रमाणपत्रानंतर

२०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे चर्चासत्रे आभासी माध्यमांवर गेली, तेव्हा प्रतिसाद अर्ज भरताच ई-मेलने प्रमाणपत्र हाती येऊ लागले. हजारो नावे, एकसारखा मजकूर आणि ऐकले की नाही याचा पत्ता नाही, अशी ती अवस्था होती. तिचाही एक लाभ झाला. रत्नागिरी किंवा चंद्रपूर येथील प्राध्यापकाला परदेशातील वक्त्याला थेट प्रश्न लिहून विचारता आला. सभागृहात हात वर करण्यास जो धजावला नसता, त्यानेही विचारला. हे प्रश्न जतन करून वक्त्याकडे व नंतर उत्तरांसह सर्वांकडे पोहोचविण्याची तसदी फार थोड्या महाविद्यालयांनी घेतली असावी. प्रत्यक्ष चर्चासत्रातही वेळेअभावी राहिलेले प्रश्न कागदावर लिहून घेऊन निबंधवाचकाच्या हाती देता येतात. त्याच्या निबंधाचे कोणी लक्षपूर्वक ऐकले याचा तो लेखी पुरावा असतो, आणि पुनर्लेखनास त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा स्मृतिचिन्हाचा होत नाही.

प्रतिसाद अर्जाचेही तसेच आहे. भोजन कसे होते, निवास कसा होता, आयोजन कसे वाटले, असे रकाने त्यात असतात आणि त्यांपुढे 'उत्कृष्ट' या शब्दावर खूण केली जाते. मूल्यांकनाच्या अहवालास तेवढे पुरते, कारण त्यात चर्चासत्रांची आणि सहभागींची संख्या मागितलेली असते. याच अर्जात 'येथे येण्यापूर्वी ओळख नसलेल्या किती व्यक्तींशी आपल्या विषयावर बोलणे झाले' असा एक रकाना घालता येईल, आणि तीन महिन्यांनी 'त्यांपैकी कोणाशी संपर्क राहिला' असे एका ओळीचे पत्र पाठविता येईल. पहिल्या वर्षी या रकान्यात बहुसंख्य उत्तरे शून्य किंवा एक अशीच येण्याचा संभव आहे. ती तशीच अहवालात नोंदवावीत, म्हणजे पुढील वर्षीच्या आयोजन समितीला मंडप आणि भोजनाच्या आधी कोणत्या कागदापासून बैठकीस सुरुवात करायची, हे ठरविता येईल.